रामराम, शरणार्थी, जोहार, नमस्कार्री : बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या अभिवादनांविषयी

सीमाभागाचा इतिहास म्हटलं की आपल्याकडे गाडी सरळ १ नोव्हेंबर १९५६ च्या स्टेशनात जाऊन थांबते. राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला, चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि त्याच्या आगेमागे जे घडलं ते या पट्ट्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. या टिपणात तो विषय येईल, पण शेवटी. मला बघायचंय ते जरा बारकं आहे. या पट्ट्यात दोन माणसं समोरासमोर आली की पहिला शब्द कोणता निघतो, हात कुठं जातात, कोण वाकतं, निरोप घेताना काय म्हणतात, आणि हे सगळं कुठून आलं.

बाहेरचा माणूस धरून चालतो की इकडं अभिवादनं दोन असणार, एक मराठी आणि एक कन्नड. निपाणीच्या स्टँडवर तासभर कान उघडे ठेवून बसलात तर हा समज टिकत नाही. धोतर-टोपीवाला म्हातारा ‘रामराम’ म्हणतो. गळ्यात तुळशीची माळ असलेला ‘राम कृष्ण हरी’ म्हणतो आणि समोरचाही माळकरी निघाला तर दोघं एकमेकांच्या पायाकडं वाकतात. कपाळावर विभूती असलेला ‘शरणु’ म्हणतो, उत्तर येतं ‘शरणार्थी’. कुणी ‘जय जिनेंद्र’, कुणी ‘जय भीम’, कुणी ‘सलाम वालेकुम’, मिलिटरीतून निवृत्त झालेला ‘जय हिंद’. यातलं मराठी कोणतं आणि कन्नड कोणतं? लिंगायत घर मराठी बोलणारं असलं तरी शब्द ‘शरणार्थी’च. जैन घरात आई कन्नड, बाप मराठी, तरी ‘जय जिनेंद्र’ एकच. अभिवादनावरून माणसाची मातृभाषा ओळखायला गेलात तर निम्म्या वेळा चुकाल. पंथ मात्र बहुतेक वेळा बरोबर ओळखाल, आणि शंभर वर्षांपूर्वी असतात तर जातही.

माझं म्हणणं एवढंच आहे. या पट्ट्यात अभिवादनानं माणसं वेगळी केली ती आधी जात, पंथ आणि दर्जा यांवर. भाषेची रेघ त्यावर फार उशिरा ओढली गेली, आणि हात, पाय, मान यांपर्यंत ती अजूनही नीट पोचलेली नाही.

आधी पंथांचं बघू, कारण तिथं एक विशेष गोष्ट आहे. बाराव्या शतकात कल्याणला बसवेश्वरांभोवती जो शरणांचा मेळा जमला, त्यात एकमेकांना ‘शरण’ म्हणण्याची रीत होती. समोरच्याच्या अंगावर इष्टलिंग आहे, म्हणून वाकायचं ते त्या लिंगापुढं. समोरचा मंत्री की कक्कय्यासारखा चर्मकार, हा प्रश्न तिथं गैरलागू. दुसऱ्याला कसं हाक मारावी यावरच माणसाची परीक्षा करणारं बसवेश्वरांचं वचन आहे, आणि ते उत्तर कर्नाटकात अजून पोरासोरांच्या तोंडी असतं. आता वारकऱ्यांकडं बघा. समोरच्यात ‘माउली’ बघायची आणि पाया पडायचं, आणि त्यानंही उलट आपल्या पाया पडायचं. सासरा जावयाच्या, म्हातारा पोराच्या. दोन परंपरांचा काळ वेगळा, भाषा वेगळी, देवसुद्धा वेगळा, पण दोघांनी नेमक्या एकाच जागी बोट ठेवलं : आधी कुणी वाकायचं? दोघांचं उत्तर, दोघांनीही.

विठ्ठलाला आपले संत कानडा म्हणत आले, त्यामुळं या पट्ट्यातल्या माणसाला या साम्याचं नवल वाटत नाही. नवल वाटायला हवं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दिंडीतला आणि मठातला हा समतेचा रिवाज गावच्या चावडीवर आला की वितळून जायचा. पंढरीच्या वाटेवर ज्याच्या पायाला हात लावला, तोच माणूस परत आल्यावर गावाच्या वेशीत किती अंतरावर उभा राहायचा हे ठरलेलं होतं.

जैनांची तऱ्हा आणखी निराळी. चिक्कोडी, निपाणी, अथणी हा दिगंबर जैनांचा जुना पट्टा. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नव्यानं उभारी देणारे आचार्य शांतिसागर भोजचे, देशभूषण कोथळीचे, विद्यानंद शेडबाळचे, विद्यासागर सदलग्याचे. एवढ्याशा टापूतून इतके आचार्य निघाले, त्यामुळं मुनीसमोर कसं वागायचं याचे धडे इथल्या मुलांना लहानपणीच मिळतात. आपापसात ‘जय जिनेंद्र’. मुनींना ‘नमोस्तु’, आर्यिकांना ‘वंदामि’. मुनी हात जोडून उत्तर देत नाहीत. मोरपिसांची पिंछी किंवा हात किंचित वर करून आशीर्वाद देतात. म्हणजे इथं शब्द समोरच्याच्या व्रताच्या पायरीप्रमाणं बदलतो. पायरी आहे, पण ती त्यागाची. जन्माची नव्हे.

जन्माच्या पायरीचं बघायचं तर जरा मुंबईला जाऊन यावं लागेल, कारण त्याचा सगळ्यात स्पष्ट दाखला तिथला आहे. पेशवाईत सोनार मंडळी स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवू लागली. निऱ्या काढून धोतर नेसू लागली आणि भेटल्यावर ‘नमस्कार’ म्हणू लागली. दोन्ही गोष्टी तोवर ब्राह्मणांच्या राखीव. तक्रार झाली, पेशव्यांनी बंदी घातली, आणि एवढ्यावर न थांबता इंग्रजांच्या मुंबईतही तशी बंदी आणवली. १७७९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारनं सोनारांना ‘नमस्कार’ म्हणण्यास मनाई केली. डॉ. आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) मध्ये हे प्रकरण सांगितलंय ते उगीच नाही. कंपनी सरकार म्हणजे व्यापार करायला आलेली माणसं, त्यांना कुणी कुणाला काय म्हणावं याच्याशी काय देणंघेणं? पण एका शब्दासाठी हुकूम निघाला. बेळगाव-शहापुरात दैवज्ञांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यातल्या तरुण मंडळींना ही हकीकत सांगितली की त्यांचा विश्वास बसत नाही. नमस्काराला बंदी? आज जो शब्द सगळ्यात बेचव, कुणालाही चालणारा, सरकारी समारंभात वापरायचा, तो तेव्हा भांडण काढायचा शब्द होता.

त्या काळची मोडी पत्रं ज्यांनी वाचलीत त्यांना हे पत्राच्या पहिल्या ओळीतच दिसतं. मायना लिहिताना कारकुनाला आधी विचार करावा लागे की लिहिणारा कोण आणि घेणारा कोण. ब्राह्मणानं वडीलधाऱ्या ब्राह्मणाला साष्टांग नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद. मराठा सरदाराशी व्यवहार असेल तर रामराम किंवा दंडवत. मजकूर पुढं कर्जाचा असो की लढाईचा, ही पहिली ओळ चुकली तर पत्र घेणारा तोंड फिरवायचा. छत्रपतींसमोर मुजरा : कमरेत वाकून, उजवा हात जमिनीकडं नेऊन कपाळाला लावायचा, तीन वेळा. करवीर दरबारात, आणि त्याच्या छोट्या आवृत्तीत निपाणकर देसाईंच्या वाड्यासारख्या ठिकाणी, कोण किती वाकतो यावर बघणाऱ्यांची नजर असे.

आणि या उतरंडीच्या तळाशी ‘जोहार’.

मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द महारांचं अभिवादन म्हणून नोंदलेला आहे. चोखोबांच्या नावावर जोहाराचे अभंग आहेत, एकनाथांची ‘जोहार’ नावाची भारुडं आहेत. त्यात तो भक्तीच्या पातळीवर उचलला गेला, पण गावात तो खालून वर जाणारा शब्द होता. पाटलाला, कुलकर्ण्याला, वाड्यातल्या माणसाला. त्याच्याबरोबर शरीराची एक भाषा होती : अंतर राखायचं, नजर खाली, वहाणा काढून हातात घ्यायच्या, वाड्यासमोरून जाताना तर नक्कीच. गंमत म्हणजे हाच ‘जोहार’ झारखंड-छत्तीसगडकडं आदिवासी समाजाचं अभिमानाचं अभिवादन आहे. शब्दात मुळात कमीपणा नसतो. तो कुणी कुणाला म्हणायला लावला यावर सगळं अवलंबून.

आपल्या पट्ट्यात या शब्दाला उतरती कळा लागली ती शंभरेक वर्षांपूर्वी. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावात परिषद झाली. शाहू महाराज हजर होते, आणि तरुण आंबेडकरांची ओळख दक्षिण महाराष्ट्राला तिथं झाली. माणगाव निपाणीहून फार लांब नाही. पुढं एप्रिल १९२५ मध्ये खुद्द निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचं तिसरं अधिवेशन भरलं, अध्यक्ष डॉ. आंबेडकर. त्याच्या चारच महिने आधी, डिसेंबर १९२४ मध्ये, बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं होतं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव, म्हणून बेळगावात त्याची स्मारकं आहेत, विहीर आहे, शताब्दीही साजरी झाली. निपाणीच्या अधिवेशनाला आपल्या स्थानिक इतिहासात तेवढी जागा मिळालेली नाही, आणि मला हे खटकतं. बेळगावच्या अधिवेशनानं देशाच्या राजकारणात जे केलं ते केलं. पण रस्त्यानं चालताना मान किती वर ठेवायची, हा प्रश्न या टापूतल्या हजारो माणसांपुढं निपाणीनं आणि माणगावानं ठेवला. १९२७ ला महाडला तर आंबेडकर नेसण्या-वागण्याबद्दल थेटच बोलले. मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणाले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात बायकांना सांगितलं की लुगडं वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं पायघोळ नेसा, जात ओळखू येईल असले ढीगभर दागिने टाकून द्या. जो बदल कायद्यानं व्हायला दशकं लागली, तो नेसण्यात, उभं राहण्यात आणि हाक मारण्यात आधी सुरू झाला.

‘जोहार’ सुटला, त्याच्या जागी काय? काही काळ रामराम, नमस्कार. मग ‘जय भीम’. तो रूढ करण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना देतात, म्हणजे शब्द विदर्भातून आला. आज तो बेळगाव जिल्ह्यात मराठीत जसा म्हणतात तसाच कन्नडात म्हणतात. एक अक्षर बदलत नाही. या पट्ट्यातल्या अभिवादनांत सीमेची रेघ ज्याला अजिबात शिवली नाही असा शब्द शोधायचा तर मी हाच सांगेन.

वहाणांचा उल्लेख वर आला म्हणून एक आडवळण. ज्या चपला हातात घ्यायला लावल्या, त्या बनवणारे हात इथलेच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून : इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी-निपाणीच्या कारागिरांची चपल कोल्हापूरच्या नावानं विकली जाते हे सर्वांना माहीत होतंच, कागदावर आलं एवढंच. करकर वाजणारी चपल घालून वाड्यासमोरून जाणं हीसुद्धा एके काळी बोलण्याचीच एक तऱ्हा होती. तोंडानं एक शब्द न काढता.

तशीच तंबाखूची. निपाणी तंबाखूचं गाव, त्यामुळं इथं भेटीचा पहिला विधी पुष्कळदा शब्दांचा नसतोच. चंची उघडायची, तंबाखू काढून तळहातावर मळायची, चुना लावायचा आणि हात पुढं करायचा, ‘घ्या की पाव्हणं’. कन्नड बोलणाऱ्याकडंही चंचीला चंचीच म्हणतात. समोरच्यानं चिमूट उचलली की ओळख झाली. पण कुणाच्या तळहातावरची चिमूट कुणी उचलायची आणि कुणाच्या हातावर वरून टाकायची, यालाही एके काळी नियम होते. पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा यांचंही तेच. पाहुणा आला की पाय धुवायला पाणी, मग गूळ-पाणी, मग ‘बसा’. कानडी घरात ‘बर्री, कूड्री’ आणि बेल्ल-नीरु. रीत तंतोतंत एक. आणि ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचं त्याला दोन्ही भाषांत सारख्याच रीतीनं बाहेर ठेवलं.

आता ज्याच्याबद्दल बोलायला मला सगळ्यात आवडतं ते निरोपाचं.

पुण्याकडचा माणूस निघताना ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हणणं अशुभ. बेळगावात माणूस ‘जाऊन येतो’ म्हणतो. बाजारात जायचं असो की मुंबईला, ‘जाऊन येतो हं’. पुणेकराला यात एक शब्द जास्तीचा वाटतो. तो कुठून आला हे शेजारच्या कानडी घराच्या दारात उभं राहिलं की कळतं : ‘होगि बर्तीन्री’. होगि म्हणजे जाऊन, बर्तीनि म्हणजे येतो. शब्द मराठी, सांगाडा कन्नड.

आणखी बघा. या पट्ट्यात आणि कोल्हापूर-सांगलीकडं बायकासुद्धा ‘मी येतो’, ‘मी गेलो’ म्हणतात. शहरी मराठी मास्तरांनी याला हसून हसून पोरींना गप्प केलं. पण कन्नडात ‘बर्तीनि’ बाईही म्हणते आणि बुवाही, प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसतंच. पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषा एकाच ओसरीवर बोलल्या गेल्यावर आपल्या बायकांच्या तोंडी ‘येतो’ राहिला असेल तर त्यात हसण्यासारखं काय आहे? मला तरी हा संबंध पटतो. हे अशुद्ध मराठी नाही, शेजाराची खूण आहे.

कुणी घरातून निघालं तर ‘कुठं?’ असं विचारायचं नाही. काम होत नाही म्हणतात. मग विचारायचं, ‘लांब निघालासा?’ कानडीत तेच, ‘दूर होंटीरि?’ दोघांनाही उत्तर नको असतं, विचारपूस हवी असते. ‘जेवण झालं?’ आणि ‘ऊट आतेन्री?’ हेही तसंच. जेवायला वाढायचं म्हणून कुणी विचारत नाही. आणि ‘आराम हाय न्हवं?’, ‘आराम अदीरि?’ यात तर मूळ शब्द दोघांचाही नाही, फारसीतला आहे. बहामनी-आदिलशाही येऊन गेली, तिचा एक शब्द दोघांनी वाटून घेतला.

नात्याची हाक तर विचारूच नका. अण्णा, अक्का हे शब्द मराठीत कन्नडातून आले असं मानतात, आणि आता ते इतके आपले झालेत की पुण्या-मुंबईतही घरोघरी एक अण्णा असतो. सीमाभागात अनोळखी माणसाला हाक मारायला हेच उपयोगी पडतात. समोरचा मराठी की कानडी हे कळायच्या आत ‘अण्णा’ म्हणून मोकळं व्हायचं. भाषा मागाहून ठरते.

फरक कुठं पडतो? आदराच्या शेपटीत. कन्नड माणूस कुठल्याही शब्दाला ‘री’ लावतो : हौद्री, इल्ल्री, बर्री, नमस्कार्री. मराठीत ‘तू-तुम्ही’चा फरक क्रियापदात जातो, ‘ये’ आणि ‘या’. त्यामुळं धारवाड-बेळगावकडचा कन्नड माणूस नवं नवं मराठी बोलायला लागला की त्याचं ‘ये, बस’ उद्धट वाटतं, आणि आपला कोल्हापूरकडचा माणूस कन्नडात ‘बा’ म्हणाला की तिकडच्याला तसंच वाटतं. दोघांचा हेतू चांगला, फक्त शेपूट राहून गेलेलं. पोलीस ठाण्यात, तहसील कचेरीत, बसमध्ये भाषेवरून जी भांडणं पेटतात त्यातली किती या राहिलेल्या शेपटीनं पेटतात, याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

मानेची आणि हातांची भाषा मात्र एक. मान डावी-उजवीकडं डोलावली की होकार, जिभेनं ‘च्’ केलं की नकार. डाव्या हातानं काही द्यायचं नाही. ‘पाया पडतो’ आणि ‘कालिगे बीळ्तीनि’ यात तर शब्दाला शब्द : पाय आणि पडणं. माहेरवाशिणीच्या चेहऱ्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडणारी म्हातारी कोणत्या भाषेत अलाबला घेतेय हे तिनं तोंड उघडेपर्यंत कळत नाही.

सणाची भेट हा याचा कळस. संक्रांतीला आपण ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणतो, ते ‘एळ्ळु-बेल्ल तगोंडु ओळ्ळे माताड्री’ म्हणतात. एळ्ळु तीळ, बेल्ल गूळ, ओळ्ळे माताड्री म्हणजे चांगलं बोला. दसऱ्याला आपण आपट्याची पानं देतो, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. ते बन्नीची, म्हणजे शमीची पानं देतात आणि म्हणतात ‘बन्नि तगोंडु बंगारदंग इरोण’, बन्नी घेऊन सोन्यासारखे राहूया. पान वेगळं, सोनं एकच. क्रियापदात मात्र एक बारीक फरक आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. आपण समोरच्याला ‘राहा’ म्हणतो, ते ‘इरोण’ म्हणजे ‘राहूया’ म्हणतात, स्वतःला धरून. दसऱ्याच्या संध्याकाळी धाकट्यांनी थोरांच्या हातावर पान ठेवून पाया पडायचं. निपाणी-चिक्कोडीकडं एकाच घराच्या दारात दोन्ही प्रकारची पानं साठलेली दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी एकाच झाडूनं निघतात.

मग भाषेची रेघ आली कुठून? ती राजकारणातून आली, आणि दोन्ही बाजूंची बेळगावातूनच. १९२४ च्या त्या काँग्रेसच्या प्रसंगीच हुइलगोळ नारायणरावांचं कन्नड नाडाच्या उदयाचं गीत गायलं गेलं, कर्नाटक एकीकरणाला तिथं जोर आला. मे १९४६ मध्ये त्याच बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीनं आकार घेतला. दोन्ही स्वप्नांचं बारसं एकाच गावात झालं. १९५६ नंतर घोषणा हळूहळू अभिवादन झाल्या. ‘जय महाराष्ट्र’ आधी सभेत होता, मग शिवसेनेच्या काळात तो फोनवर, दुकानात, हात मिळवताना आला. समोरून ‘जय कर्नाटक’ आला. आता पहिल्या शब्दावरून पंथ नव्हे, बाजू कळू लागली.

मे २०१७ मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे नगरविकास मंत्री रोशन बेग बेळगावात म्हणाले की ‘जय महाराष्ट्र’ म्हणणाऱ्या लोकप्रतिनिधींचं पद रद्द करणारा कायदा आणू. तसा कायदा काही झाला नाही, पण उत्तर लगेच आलं : महाराष्ट्राचे तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी सीमेपलीकडं जाणाऱ्या एसटीवर ‘जय महाराष्ट्र’ लिहायला लावलं. तेव्हा वर्तमानपत्रांत मोठा गदारोळ झाला. मला त्या गदारोळात १७७९ आठवत होतं. तेव्हा सोनारांनी एक शब्द म्हणायचा नाही असा हुकूम निघाला, आता नगरसेवकांनी. हुकूम काढणाऱ्याला शब्दाची भीती वाटते ती त्याच्या अर्थाची नसते. तो म्हणताना समोरचा ताठ उभा राहतो, त्याची असते. आणि हे मी दोन्ही बाजूंना लावतो. ज्याच्या तोंडून ‘जय महाराष्ट्र’ बळजबरीनं काढून घेतलं जातं, किंवा ज्याच्याकडून ‘जय कर्नाटक’ वदवून घेतलं जातं, तो मोबाइलवरचा व्हिडिओ बघताना माझं लक्ष शब्दांकडं जात नाही. त्या माणसाच्या खाली गेलेल्या नजरेकडं जातं. ती नजर जोहाराच्या काळातली आहे.

इकडं रोजचा व्यवहार वेगळ्याच वाटेनं चाललाय. बेळगावच्या दुकानात शिरलात तर मालक ‘नमस्कार’ म्हणतो आणि थांबतो. तुम्ही ‘नमस्कार’ म्हणालात तर मराठी, ‘नमस्कार्री’ म्हणालात तर कन्नड. त्या एका ‘री’वर पुढचं गिऱ्हाईक ठरतं. आणि हा शब्द निवडला कुणी म्हणून नाही. दोघांना समजणारा, कुणाचा पंथ न सांगणारा, म्हणून तो उरला.

शेवटी मंडळाच्या कामाचं. १९५६ च्या आधीची घरगुती पत्रं बऱ्याच घरांत ट्रंकेत, फडताळात पडलेली आहेत, मोडीत, बाळबोधीत आणि कन्नडातही. कर्जाच्या, लग्नाच्या, भाऊबंदकीच्या मजकुरात आम्हाला शिरायचं नाही, ते घरचं घरात राहू द्या. फक्त पहिल्या दोन ओळींचा, म्हणजे मायन्याचा फोटो आणि पत्र कोणत्या गावाहून कोणत्या गावाला गेलं एवढं कळवलंत तर पुरे. नमस्कार, रामराम, दंडवत, शरणार्थी यांतलं कोण कुणाला काय लिहीत होतं, आणि कोणत्या वर्षापासून ते बदललं, याची गाववार यादी करायचा विचार आहे. निपाणी, चिक्कोडी आणि खानापूरकडची पत्रं आमच्याकडं सगळ्यात कमी आहेत.